मागून बसलेली गाडी

कराड-चिपळूण रस्त्यावर हेळवाकपाशी कुठल्याही दिवशी थांबावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पिकअप गाड्या फक्त मागून पाहाव्यात. पुढून पाहण्यात अर्थ नसतो. पुढून प्रत्येक गाडी सारखीच ऐटदार असते: काचेवर ठसठशीत अक्षरांत देवाचं नाव, त्याखाली मालकाच्या मुलांची नावं, बंपरला लिंबू-मिरची, दसऱ्याचा वाळलेला हार. खरी परिस्थिती कळते ती मागे, टायर आणि हौद्याचा तळ यांच्यामधल्या फटीत. रिकाम्या गाडीत तिथे वीतभर जागा असते. माफक माल भरला की चार बोटं उरतात. कुंभार्ली घाट उतरून कोकणात निघालेल्या कांद्याच्या, सिमेंटच्या, भाजीच्या गाडीत दोन बोटं उरली तरी ती सभ्य गाडी म्हणायची. खालून जांभा चिरा घेऊन वर आलेल्या गाडीत कधी कधी बोट घालायचीही सोय नसते. तिचं नाक वर, शेपूट खाली, आणि ड्रायव्हर मात्र निवांत. विचारलं तर म्हणेल, ‘गाडी जरा मागून बसतीय.’ माल जास्त झालाय, असं तो कधीच म्हणणार नाही. बसण्याची खोड गाडीची, तिचं उत्तर मेकॅनिककडे, आणि मालाचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही, अशी या रस्त्यावरची सर्वमान्य समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे एवढंच मला म्हणायचं आहे. पण ती इतकी पक्की आहे की एवढं म्हणायलाही बरीच जागा लागेल.

गाडी बसू लागली की आपल्याकडचा परंपरागत उपाय म्हणजे पाटे वाढवणे. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची चळत असते. सर्वांत लांब पाटा वर, त्याखाली एकाहून एक आखूड, मध्ये सेंटर बोल्ट आणि सगळ्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट. हा शोध घोडागाडीच्या काळातला आहे आणि अजून त्याला तोड नाही, कारण तो साधा आहे, स्वस्त आहे आणि मोडला तरी गावात दुरुस्त होतो. पाटे बसवणारा कारागीर गाडी जॅकवर घेतो, यू-बोल्ट सोडतो, पाटे उलगडून जमिनीवर मांडतो, कमान गेलेल्या पाट्याला घणाने ठोकून पुन्हा बाक आणतो आणि मालकाच्या इच्छेनुसार एक किंवा दोन जादा पाटे सरकवून पुन्हा आवळतो. मालक हौद्याला हात लावून वर-खाली हलवून बघतो. हौदा ढिम्म हलत नाही. मालक खूश. मग ती गाडी रिकामी परत येऊ लागते तेव्हा प्रत्येक खड्ड्याला मागची चाकं रस्ता सोडतात आणि आतल्या माणसांच्या मणक्यांना जादा पाट्याचा परिचय होतो. भरलेल्या गाडीसाठी कडक केलेली चळत रिकाम्या गाडीला सोसत नाही, आणि पिकअपचं निम्मं आयुष्य रिकामं परत येण्यातच जातं. हा दोष सगळ्यांना माहीत आहे. पण रिकाम्या गाडीत मालकाचा माल नसतो, फक्त ड्रायव्हर असतो, म्हणून तो दोष मानला जात नाही.

या अडचणीवर अमेरिकेत फार पूर्वी दुसरा तोडगा निघाला, आणि मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहणाऱ्या आपल्या मंडळींच्या तो आता नजरेत भरू लागला आहे. मागचा ॲक्सल आणि चॅसी यांच्यामध्ये, पाट्यांच्या जोडीला, दोन्ही बाजूंना एकेक जाड रबरी पिशवी बसवायची. अपघातात स्टिअरिंगमधून फुगून बाहेर येते ती एअरबॅग वेगळी. तिचा इथे संबंध नाही. ही पिशवी म्हणजे हवेची स्प्रिंग. तिला एक बारीक नळी, नळीच्या टोकाला गाडीच्या टायरला असतो तसा वॉल्व्ह, तो नंबरप्लेटच्या आसपास कुठेतरी. माल भरला की हवा भरायची, माल उतरला की सोडायची. मुंबई-पुणे शिवनेरीत बसलेल्यांना हवेच्या सस्पेन्शनचं सुख ठाऊक आहे. थांब्यावर ती बस सुस्कारा टाकते तो याच हवेचा. फरक एवढाच की तिथे बसचा सगळा भार हवेवर तोललेला असतो, इथे पाटे जागेवरच राहतात आणि हवा त्यांच्या मदतीला येते. मिशिगनमधली एअर लिफ्ट नावाची कंपनी १९४९ पासून या धंद्यात आहे. तिच्या एका लोकप्रिय संचाच्या खोक्यावर ५००० पाउंड असा आकडा असतो, म्हणजे जोडीला सुमारे सव्वादोन टन. हा आकडा आपल्या माणसाने वाचला की त्याच्या डोक्यात ताबडतोब बेरीज होते: कंपनीने दिलेल्या क्षमतेचे १.७ टन अधिक हवेचे सव्वादोन टन, म्हणजे झाले जवळजवळ चार! मात्र गाडीची ठरलेली कमाल वजनमर्यादा या पिशवीने वाढत नाही आणि ती ओलांडू नका, हे पिशवी बनवणारेच माहितीपत्रकात लिहितात. हे वाक्य बारीक अक्षरांत असतं. बारीक अक्षरांतलं वाक्य वाचणं हा आपल्याकडे अविश्वास समजला जातो.

आता मुद्द्याकडे येतो. मागून बसलेली गाडी ही खरं बोलणारी गाडी असते. पाटा किती वाकला यावरून भार किती हे कळतं. स्प्रिंगचा हा धर्मच आहे, भाजीवाल्याच्या जुन्या ताणकाट्याचं शास्त्र यापलीकडे काही नव्हतं. म्हणजे प्रत्येक पिकअपला कंपनीने फुकटात एक वजनकाटा दिलेला आहे, आणि तो रस्त्यावरच्या सगळ्यांना दुरून वाचता येतो. पिशवीत हवा भरली की हा काटा शून्यावर येतो. भार तेवढाच, दिसत मात्र नाही. पोट सुटलं म्हणून शिंप्याकडे जाऊन पँटची कंबर ढिली करून आणावी आणि घरी येऊन प्रकृती सुधारल्याचं जाहीर करावं, तसा हा प्रकार. आणि फसतात ते फक्त रस्त्यावरचे लोक असंही नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपाशी एक छोटा वॉल्व्ह असतो, त्याची एक दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी जितकी खाली बसेल तितकी ती दांडी हलते आणि वॉल्व्हला कळतं की मागे माल आहे. मग तो मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी ठेवतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन ती आडवी जाईल. या वॉल्व्हजवळ डोळे नाहीत, पावती पाहायची सोय नाही. गाडी किती बसली एवढीच त्याची माहिती. पिशवीने गाडी उचलून धरली की तो बिचारा समजतो, हौदा रिकामा आहे. अडीच टन सिमेंट घेऊन कुंभार्ली घाट उतरणाऱ्या गाडीचे मागचे ब्रेक त्या वेळी रिकाम्या गाडीच्या हिशेबाने लागत असतात. सरकारला फसवलं तर दंड होतो, पोलिसाला फसवलं तर कौतुक होतं, पण स्वतःच्या ब्रेकला फसवणारा माणूस नेमकं कोणाला गंडवतो, हे मला अजून समजलेलं नाही. जाणता मेकॅनिक पिशवी बसवताना ती दांडी नव्याने जुळवून घेतो. अजाणता मेकॅनिक ती तारेने वर बांधून ठेवतो आणि ‘आता काय टेन्शन नाही’ असं सांगतो.

हवेच्या पिशवीची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. गाडी मागून बसली की नाक वर होतं आणि स्टिअरिंग सैल लागतं. हेडलाइट आभाळाकडे बघू लागतात. हेळवाकशेजारच्या कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर घाटात धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता. अशा वेळी समोरून वर चढणाऱ्या गाडीचा झोत थेट डोळ्यांत आला की उतरणारा माणूस रामनाम घेत कडेला थांबतो. पिशवीने गाडी सपाट होते, दिवे जमिनीवर येतात, स्टिअरिंग ताळ्यावर येतं. रिकामं परतताना हवा सोडली की गाडी पुन्हा मऊ. जादा पाट्यापेक्षा हा उपाय नक्कीच शहाणा आहे, कारण पाटा रिकाम्या-भरल्यात भेद करत नाही. पिशव्या बसवताना दोन्हींना एकच नळी जोडली तर मात्र गंमत होते. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, त्या बाजूची पिशवी दबते, तिच्यातली हवा नळीतून आतल्या पिशवीत जाते आणि कललेल्या गाडीला आणखी कलायला मदत करते. कुंभार्लीच्या वळणांवर ही मदत कोणालाच नको असते, म्हणून नळ्या स्वतंत्र ठेवायच्या. दुसरी गोष्ट चॅसीची. पाटा आपला भार चॅसीला दोन टोकांना वाटून देतो; पिशवी तो सगळा एका जागी, ॲक्सलच्या डोक्यावर देते. त्यात माल ॲक्सलच्या मागे लोंबत असेल तर चॅसी त्या जागेवरून वाकू शकते. ऑस्ट्रेलियात डबल कॅबच्या, मागे भरपूर सामान लादलेल्या पिकअप अशा मधोमध वाकल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. पाटा तुटला तर दुपारपर्यंत नवा पडतो. वाकलेली चॅसी मात्र घणाने ठोकून सरळ होत नाही, जरी तसं करून देणारे महाभाग सापडतात.

कोयनानगरच्या माणसाला तर या सगळ्याचं शास्त्र घरबसल्या शिकायला मिळतं. कोयना जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फूट, चिपळूण जवळपास समुद्राच्या पातळीला. या उंचीवरून पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीकडे सोडलं की वीज मिळते. पिकअप डोंगराच्या पोटातून जात नाही, पाठीवरून जाते, पण निसर्गाचा हिशेब दोघांनाही एकच. एक टन वजन शंभर मीटर खाली आलं की सुमारे पाव युनिट ऊर्जा मोकळी होते. घाटाचा उतार पाचशे मीटरचा धरला आणि गाडी मालासकट तीन टनांची, तर चार युनिट. दोन किलोवॅटचा गिझर दोन तास चालवला तर एवढी वीज लागते. पोफळीला ही ऊर्जा टर्बाईन फिरवते आणि महाराष्ट्राचे दिवे लावते. घाटात ती इंजिनाच्या गिअरमध्ये आणि ब्रेकच्या लायनरमध्ये जाऊन फक्त तापते. प्रत्येक जादा टनाला वर आणखी सव्वा युनिटाच्या पुढे. ड्रायव्हर चौथ्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये उतरला तर बराचसा वाटा इंजिन उचलतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केली तर सगळा वाटा लायनरवर, आणि मग घाट संपता संपता जो जळका वास येतो तो आपल्याच गाडीचा आहे हे मान्य करायला कोणी तयार नसतं. या हिशेबात हवेच्या पिशवीचं नाव कुठेच येत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पिशवीने मोठा ब्रेक मिळत नाही, जाड टायर मिळत नाही, बेअरिंग बदलत नाही. फक्त गाडी दिसते चांगली.

मग एवढा जादा माल गाडीत येतो कुठून? लोभाने येतो, असं सांगण्याची पद्धत आहे. माझं मत निराळं आहे. आपल्याकडे ओव्हरलोडचं मूळ लोभात कमी आणि पूर्णांकात जास्त आहे. पिकअपची क्षमता १.७ टन. सिमेंटचं पोतं ५० किलोचं. म्हणजे कायदेशीर गाडीत ३४ पोती. ३४ पोती सिमेंट मागवणारा माणूस महाराष्ट्रात जन्माला यायचा आहे. लोक २५ मागवतात किंवा ५० मागवतात. २५ मागवलं तर गाडीवाला म्हणतो, ‘अर्ध्या गाडीला येऊ का? परवडत नाही.’ मग ५०. म्हणजे अडीच टन, आठशे किलो जादा, आणि कोणाच्याही मनात पाप नाही! वाळूचं त्याहून मजेशीर. वाळू ब्रासवर विकली जाते, ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे हिशेब आकाराचा. गाडीचा परवाना मात्र वजनाचा. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, फळ्यांची उंची सव्वा फूट धरली तर साठ-बासष्ट घनफूट. घराचं बांधकाम काढलेला गृहस्थ फोनवर ‘अर्धा ब्रास पाठवा’ म्हणतो, हौदा तर काठोकाठसुद्धा भरत नाही, वर चार बोटं मोकळा राहतो. सगळ्यांच्या मते गाडी पुरती भरलेलीच नाही. पण वाळूचा ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. अर्धा ब्रास म्हणजे सव्वादोन टन. उलट कडब्याची किंवा रिकाम्या क्रेटची गाडी बघा. दोन्ही अंगांनी बाहेर आलेली, उंचीला केबिनच्या वर, सुंभांनी आवळलेली, मागून आलेल्याला रस्ता दिसत नाही. वजन काढलं तर टनभर नाही. पण पोलीस अडवणार तिला, कारण ती भरलेली दिसते. वाळूवाला ताडपत्री ओढून, मागे हवा भरून, सपाट गाडीने शेजारून निघून जाणार. आपल्याकडे वजन डोळ्यांनी मोजतात. पिशवी नेमकी डोळ्यांसाठीच आहे.

यावर आक्षेप येणार, आणि ते फुटकळ नाहीत. पहिला नेहमीचा: ‘गाडी ओढतीय की!’ ओढते, यात शंका नाही. आजची डिझेल इंजिनं काहीही ओढतील. प्रश्न थांबण्याचा आहे, आणि थांबण्याचं काम इंजिनाकडे फारसं नाही. दुसरा आक्षेप अधिक हुशार: कंपनी मुद्दाम कमी आकडा लिहिते, आत भरपूर वाव ठेवलेला असतो. वाव असतो, हे खरं. पण तो खड्ड्यांसाठी ठेवलेला असतो. चाक खड्ड्यात आदळलं की ॲक्सलवर क्षणभर उभ्या भारापेक्षा कितीतरी जास्त मार बसतो, आणि इंजिनिअरने ठेवलेला वाव त्या क्षणाला खर्च होतो. गुहागरपासून चिपळूण, कराड, जत करत विजापूरला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग १६६ ई. त्यावरच्या पाटण ते कोयनानगर एवढ्याच टापूत पावसाळ्यानंतर तो वाव दर मिनिटाला वसूल होत असतो. जादा पोत्यांसाठी शिल्लक राहत नाही. हे खड्डे कोणी पाडले यावरही चर्चा व्हावी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून रात्रंदिवस ट्रक पळवले आणि रस्ता किती झिजतो ते मोजलं. निघालं असं की ॲक्सलचा भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, जवळजवळ सोळापट होते. भार दीडपट केला तर पाचपट. म्हणजे ठेकेदाराने डांबर खाल्लं म्हणून आपण शिव्या देतो ते योग्यच आहे, पण उरलेलं डांबर कोणी संपवलं तेही एकदा बघायला हवं. तिसरा आक्षेप असा की खुद्द सरकारनेच जुलै २०१८ मध्ये मोठ्या ट्रकच्या मर्यादा वाढवल्या, दोन ॲक्सलच्या ट्रकला १६.२ टनांवरून १८.५ टन केले. मग आम्हीच काय घोडं मारलंय? तो निर्णय अवजड ट्रकांच्या ॲक्सलबद्दलचा होता. त्याने कोणाच्या पिकअपच्या आरसी बुकातला आकडा आपोआप वाढला नाही. आणि अशी वाढ जाहीर झाली की आपल्याकडे तिचा अर्थ नवी मर्यादा असा होत नाही, नवी सुरुवात असा होतो.

चौथा आक्षेप मात्र ऐकून घेण्यासारखा आहे: दोन खेपा परवडत नाहीत. डिझेल आहे, हप्ता आहे, ड्रायव्हरचा पगार आहे, परतीचं भाडं मिळेल याची खात्री नाही, आणि तासगावचे बेदाणे किंवा सांगलीची हळद घेऊन जायला रांगेत आणखी दहा गाड्या उभ्या आहेत. हे सगळं खरं. पण जादा माल भरून कोण श्रीमंत झालं, हे जरा तपासावं. पहिल्या गाडीवाल्याने दीड टनाच्या भाड्यात अडीच टन नेले तेव्हा त्याला चार पैसे सुटले असतील. दुसऱ्याने तेच केलं, तिसऱ्याने केलं, आणि महिनाभरात अडीच टन हीच ‘एक गाडी’ ठरली. भाडं मात्र तिथेच राहिलं. आता नियमाने भरणारा महाग ठरतो आणि जादा भरणाऱ्याला जादा मिळत नाही. फायदा गेला माल मागवणाऱ्याकडे. मालकाकडे राहिले ते झिजलेले टायर, दर पावसाळ्यात तुटणारे पाटे, बदललेले बुश आणि आरटीओने धरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजारांचा दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायची हमाली. पिशवी या व्यवहारात मालकाला वाटते तशी कमाईची वस्तू नाही. ती या तोट्याचा पुढचा हप्ता आहे: सगळ्यांनी बसवल्या की ‘एक गाडी’ तीन टनांची होईल.

कोयनेच्या खोऱ्यात भाराबद्दल निष्काळजी राहावं हे तर विशेषच. या खोऱ्याला भार म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नसावी. धरणात पाणी साठू लागलं आणि काही वर्षांत, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं. जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपलेलं पाणी यांचा त्यात हात होता असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्यानंतर धरणाच्या उंच भागाला मागून काँक्रीटचा आधार देऊन तो भक्कम केला. पुढे साठा वाढवायचा ठरला तेव्हा दरवाज्यांवर झडपा चढवून तो ९८ टीएमसीच्या वरून १०५ टीएमसीवर नेला. पिकअपवाल्याच्या भाषेत सांगायचं तर हौद्याला जादा फळ्या मारल्या. पण त्याआधी भिंत किती पेलते याचा हिशेब झाला आणि ती आधी जाड केली गेली. फळ्या आधी, हिशेब नंतर असा क्रम पाटबंधारे खात्यालाही परवडला नसता. आजही कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा या खोऱ्याखालच्या खडकावर येणारा ताण अभ्यासते, आणि त्यासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलेलं आहे. तीन किलोमीटर खालच्या दगडावर काय येतंय ते समजून घ्यायला माणूस एवढा खटाटोप करतो. त्याच रस्त्याने जाणाऱ्या पिकअपच्या ॲक्सलवर काय येतंय ते मात्र बंपरला लटकलेल्या लिंबावर सोडलेलं असतं.

याचा अर्थ हवेची पिशवी बसवू नये असा नाही. मर्यादेत माल नेणाऱ्या, पण रोज कमीजास्त भार वाहणाऱ्या गाडीला ती उत्तम आहे: सकाळी दीड टन भाजी, दुपारी रिकामे क्रेट, अशा धंद्यात जादा पाट्यापेक्षा शंभरदा बरी. फक्त क्रम पाळायचा. आधी वजन, मग हवा. ऊस घालणाऱ्या लोकांचा कारखान्याच्या काट्यावर विश्वास नसतो, त्याची कारणं साखरपट्ट्यात सर्वांना ठाऊक आहेत, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण कारखान्याबाहेर, बाजार समितीच्या दारात, भंगारवाल्याच्या शेजारी, खाजगी वजनकाटे जागोजाग आहेत आणि पावतीचे पैसे चहा-वड्याच्या बिलापेक्षा फार नसतात. एकदा गाडी रिकामी काट्यावर घालावी, एकदा नेहमीसारखी भरून घालावी, आणि दोन्ही पावत्या दारावर खाली रंगवलेल्या वजनाच्या बारीक पांढऱ्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात. ते आकडे चिखलाखाली असतील तर फडक्याने पुसून घ्यावेत. बऱ्याच मालकांना ते पहिल्यांदाच दिसतील. पिशवी बसवायचीच असेल तर नळ्या वेगळ्या ठेवायला सांगावं, ब्रेकच्या वॉल्व्हची दांडी जुळवून घ्यावी, रिकाम्या गाडीतही पिशवीत थोडी हवा राहू द्यावी, नाहीतर ती ॲक्सल आणि चॅसीमध्ये चिमटते आणि फुटते, आणि तीही घाटातच फुटते. आणि ज्यांची स्वतःची गाडी नाही, फक्त घराचं बांधकाम चालू आहे, त्यांनाही एक विनंती. पुढच्या वेळी दुकानदाराला फोन कराल तेव्हा पन्नास म्हणू नका. चौतीस म्हणा. तो दोनदा विचारेल, ‘चौतीस?’ तरीही चौतीसच म्हणा, आणि उरलेल्या सोळा पोत्यांच्या खेपेचं भाडं घासाघीस न करता द्या.